एका वेळीं किती?

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत यंत्रांविषयीं लिहावयाचें म्हणजे वाचकांच्या कपाळास आठी पडणार, हें आम्ही जाणून आहों. त्यांतून विषय डेटाबेसचा, आणि त्याच्याही पोटांतला एक बारीकसा प्रश्न : त्याच्याकडे एकाच वेळीं किती जणांनीं विचारणा करावी, आणि बाकीच्यांनीं तोंवर कोठें उभें राहावें. तरी पण ज्या घरांत एक मोरी, एक बंब आणि सकाळीं साडेसातला बाहेर पडणारीं नऊ माणसें आहेत, त्या घरांतील मंडळींस हा प्रश्न आमच्यापेक्षांही लवकर कळेल अशी आमची खात्री आहे; म्हणूनच हें धाडस.

डेटाबेस म्हणजे माहितीचें कोठार, येवढें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. बँकेंतील आपली शिल्लक, रेल्वेचें आरक्षण, विजेचें बिल, मुलांचे परीक्षेंतील गुण, हें सर्व अशा कोठारांत उभ्या-आडव्या कोष्टकांत मांडून ठेवलेलें असतें. एका कोष्टकांत खातेदारांचीं नांवें, दुसऱ्यांत त्यांचे व्यवहार, आणि दोहोंस जोडणारा खातेक्रमांक. अशा रीतीनें रचलेल्या कोठारास रिलेशनल डेटाबेस म्हणतात. ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञानें १९७० सालीं मांडली. हा गृहस्थ जन्मानें इंग्रज, आणि नोकरीस अमेरिकेंत, आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत. त्याच्या त्या प्रसिद्ध निबंधाच्या मथळ्यांतच माहितीच्या पेढ्यांस ‘मोठ्या’ आणि ‘सामाईक’ अशीं दोन विशेषणें लावलेलीं आहेत. कोष्टकांच्या गणिताचें कौतुक पुढें पुष्कळ झालें. परंतु आमचें लक्ष त्या ‘सामाईक’ शब्दावर नेहमीं खिळून राहतें. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक अंगण : आपल्याकडे या शब्दाच्या पाठोपाठ कोर्टकज्जा येतो, हें सांगावयास नकोच.

आतां एखादा प्रश्न या कोठाराकडे गेला म्हणजे काय घडतें तें पाहूं. इंग्रजींत त्यास क्वेरी म्हणतात. आम्ही पृच्छा म्हणूं. बँकेच्या खिडकीमागील कारकून एक कळ दाबतो आणि ‘अमुक खात्यांत शिल्लक किती?’ ही पृच्छा यंत्राकडे जाते. यंत्राच्या डोक्यांत हिशेब करणारे जे भाग असतात त्यांस कोअर म्हणतात. मध्यम प्रतीच्या यंत्रांत ते आठ, सोळा, फार तर बत्तीस असतात, आणि एक कोअर एका क्षणीं, ढोबळ मानानें, एकच काम करतो. शंभर पृच्छा एकदम आल्या तर यंत्र शंभरही कामें चालू असल्याचा देखावा करतें खरें. पण वस्तुतः तें एकास क्षणभर हातीं घेतें, खालीं ठेवतें, दुसऱ्यास घेतें, पुन्हां पहिल्याकडे येतें. हा देखावा इतका बेमालूम असतो कीं, यंत्र विकणाऱ्यांसही कधीं कधीं तो खरा वाटूं लागतो.

लग्नघरांतील पंगतीचा अनुभव आपणां सर्वांस आहे. एका पंगतीस किती पानें मांडावयाचीं हें मांडवाच्या लांबीवरून ठरत नाहीं. तें आचाऱ्याच्या चुली किती आणि वाढपी किती यांवरून ठरतें. पन्नास पानांस पुरतील इतकेच वाढपी असतां उत्साहाच्या भरांत यजमानानें दोनशें पानें मांडलीं, तर वरण शेवटच्या पानापाशीं पोहोंचेपर्यंत पहिल्या पानावरील भात निवून जातो, आणि दोनशेंही माणसें एकदम अर्धपोटीं बसून राहतात. जाणता यजमान पन्नासच पानें मांडतो. बाकीच्यांस ओसरीवर सतरंजी घालून बसवतो, सरबत देतो, आणि पंगत उठली कीं दुसरी बसवतो.

थोडा हिशेबच मांडतों. समजा, यंत्रास आठ कोअर आहेत आणि प्रत्येक पृच्छेस एका कोअरचा सेकंदाचा दहावा भाग लागतो. एकाच क्षणीं २०० पृच्छा आल्या. त्या सर्वांस आंत घेऊन सारखा सारखा वेळ वांटून दिला, तर सुमारें अडीच सेकंदांनीं सर्वांचीं कामें जवळजवळ बरोबरच संपतील. म्हणजे ज्यास त्यास अडीच सेकंद. आतां आठ-आठच आंत सोडल्या, तर पहिल्या आठ ०.१ सेकंदांत मोकळ्या होतात, दुसऱ्या आठ ०.२ सेकंदांत, आणि पंचविसावी तुकडी २.५ सेकंदांनीं. शेवटच्याचा तोटा कांहींच नाहीं; आणि सर्वांची सरासरी काढली तर ती २.५ ऐवजीं १.३ सेकंद येते. कोणाचेंही कांहीं न काढून घेतां बहुतेकांचा लाभ व्हावा, असा सौदा संसारांत वारंवार भेटत नाहीं.

आणि वरील हिशेबांत गर्दीला आम्हीं झुकतें माप दिलें आहे. काम हातीं घेणें आणि खालीं ठेवणें यासच वेळ लागतो, तो त्यांत धरलेला नाहीं. मेमरीचा प्रश्न तर निराळाच. पोस्टग्रेस नांवाचा एक फार वापरला जाणारा डेटाबेस आहे. त्यांत प्रत्येक जोडणीसाठीं यंत्रावर एक स्वतंत्र प्रक्रिया उभी राहते, आणि त्या पृच्छेंतील माहिती क्रमानें लावण्याच्या प्रत्येक कामास, मूळ ठरावाप्रमाणें, ४ मेगाबाइट मेमरी वापरण्याची मुभा असते. एकेका पृच्छेंत अशीं तीन-चार कामें असूं शकतात. माणसें थोडीं असलीं तर कोणाचें लक्षही जात नाहीं. शेंकडों झालीं कीं मेमरी संपते, आणि मग यंत्र डिस्कवरून मेमरींत व मेमरींतून डिस्कवर पानें हलवीत बसतें, मूळ काम तसेंच पडून राहतें. या अवस्थेचें शास्त्रीय विवेचन पीटर डेनिंग यानें १९६८ सालींच केलें होतें. सामानसुमान इकडून तिकडे हलविण्यांतच सारा दिवस गेला आणि बिऱ्हाड कांहीं लागलें नाहीं, अशांतला तो प्रकार.

याहूनही चमत्कारिक प्रकार कुलुपांचा. दोघांनीं एकच नोंद एकदम बदलूं नये म्हणून डेटाबेस तिला क्षणभर कुलूप लावतो. अशींच आणखी कांहीं बारीक कुलुपें यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठीं असतात. तीं प्रत्येकास निमिषमात्रच लागतात, पण लागतात वारंवार. ज्याच्या हातीं किल्ली आहे त्यासच यंत्रानें नेमकें त्या क्षणीं बाजूस बसविलें, तर मागें सर्वांची रांग लागते. आणि नवल असें कीं, तो परत येऊन किल्ली देऊन गेला तरी ती रांग मोडत नाहीं, कारण सुटलेला प्रत्येक जण पुन्हां थोड्याच वेळांत त्याच कुलुपापाशीं येऊन उभा राहतो. आय. बी. एम.च्या ज्या मंडळींनीं कॉडच्या कल्पनेवरून ‘सिस्टिम आर’ हा डेटाबेस उभारला, त्यांच्यापैकीं जिम ग्रे प्रभृति चौघांनीं १९७९ सालीं या गोष्टीवर निबंध लिहिला आणि तिला ‘काफिला’ या अर्थाचें नांव दिलें. घाटांत एक बैलगाडी अडली म्हणजे मागच्या गाड्यांचें जें होतें तें ज्यानें पाहिलें आहे, त्यास हा निबंध वाचण्याची फारशी गरज नाहीं.

तेव्हां मर्यादा हवी, हें उघड आहे. ती डेटाबेस करणाऱ्यांनींही ठेविलेलीच असते. पोस्टग्रेस घेतला तसा चालविला तर तो एका वेळीं शंभर जोडण्या स्वीकारतो, आणि त्यांतील तीन जागा मुख्य राखणदारासाठीं बाजूस ठेवतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रसिद्ध डेटाबेसची मूळ संख्या १५१. त्यावर एक जागा राखणदाराची. ही राखीव जागेची योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. घर भरून गेलें म्हणजे ज्यानें येऊन दार उघडावयाचें, तोच बाहेर अडकला तर काय उपयोग? मर्यादा भरली कीं पोस्टग्रेस पुढच्यास सांगतो, ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. यंत्रानें क्षमा मागावी हें आम्हांस पहिल्यांदां फार गंमतीचें वाटलें होतें. पण क्षमा मागून दिलेला असला तरी तो नकारच. येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. आलेल्यास ‘जागा नाहीं, परत जा’ म्हणणें ही एक गोष्ट, आणि ‘ओसरीवर बसा, बोलावतों’ म्हणणें ही दुसरी. डेटाबेसची स्वतःची मर्यादा बहुधा पहिल्या जातीची असते. ओसरी वेगळी बांधावी लागते.

पोस्टग्रेससाठीं अशी ओसरी बांधणारा ‘पीजीबाउन्सर’ नांवाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. नांवाचा अर्थ दारवान असाच कांहींसा. तो बाहेर शेंकडों-हजारों लोकांस बसवून घेतो आणि आंत ठराविक वीस किंवा चाळीस जोडण्याच चालू ठेवतो. एकाचा व्यवहार पुरा झाला कीं तीच जागा पुढच्यास देतो. ओसरीवर बसलेल्या माणसाचा भार दारवानावर अगदींच थोडा. तोच माणूस आंत घेतला तर डेटाबेसवर भार मोठा. आंतल्या जागा किती ठेवाव्या यासाठीं पोस्टग्रेसच्या जाणकारांनीं एक सोपें सूत्र सांगितलें आहे : कोअरच्या संख्येची दुप्पट, अधिक फिरत्या डिस्कांची संख्या. दुप्पट यासाठीं कीं, कांहीं पृच्छा डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतात, तेवढ्यांत कोअरनें दुसऱ्याचें काम करावें. आतां फिरत्या डिस्का मागें पडल्या आहेत, त्यामुळें सूत्राचें शेपूट सैल झालें आहे. पण डोकें शाबूत आहे. यंत्र केवढेंही महागाचें असो, बरोबर संख्या ऐकणारास नेहमीं फार लहान वाटते.

रांगांचें हें गणित डेटाबेसहून फार जुनें. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत ए. के. एर्लांग यानें १९०९ सालीं त्याचा पाया घातला. आणि १९६१ सालीं जॉन लिट्ल यानें एक असा नियम सिद्ध केला कीं, तो सातवींतल्या मुलासही तोंडपाठ करतां यावा : आंत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे दर सेकंदास येणारांची संख्या गुणिले प्रत्येकास आंत लागणारा वेळ. सेकंदास ८० पृच्छा येत असल्या आणि प्रत्येकीस अर्धा सेकंद लागत असला, तर आंत ४० असणार. तितक्याच येत असतां आंत ४०० दिसल्या, तर प्रत्येकीस पांच सेकंद लागत आहेत हें न विचारतां समजावें. राखणदाराच्या दृष्टीनें ही संख्या म्हणजे थर्मामीटर होय.

येथवर शास्त्र झालें. पुढील गोष्ट शास्त्राची नव्हे.

पुण्यांतील एका मोठ्या रुग्णालयाच्या डेटाबेसची राखण आमच्याकडे आहे. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. रोग्यांची नोंदणी, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, औषधांचा साठा, बिलें, विम्याचे दावे, सर्व एकाच पोस्टग्रेसमध्यें. यंत्र सोळा कोअरचें, मेमरी ६४ गिगाबाइट. आमच्याकडे काम आलें तेव्हां जोडण्यांची मर्यादा ५०० होती, आणि माहिती क्रमानें लावण्याची मुभा प्रत्येक कामास ६४ मेगाबाइटपर्यंत वाढविलेली होती. प्रत्येकानें एकेकदांच ती वापरली तरी पांचशेंचे ३२ गिगाबाइट, म्हणजे अर्धी मेमरी. आणि अहवालांच्या पृच्छा ती चार-चार वेळां वापरीत. प्रोग्राम पुरविणाऱ्या मंडळींनीं तक्रार आली कीं संख्या वाढवावयाची, असा क्रम ठेविला होता. शंभराच्या दोनशें, दोनशेंच्या पांचशें. दर वेळीं चार दिवस बरें वाटे.

एका महिन्याच्या एक तारखेस, सकाळीं दहाच्या सुमारास, जें व्हावयाचें तें झालें. हिशेब खात्याचे महिनाअखेरचे अहवाल, औषधभांडाराची मोजदाद आणि बाह्यरुग्ण विभागाची गर्दी हीं तीनही एकदम आलीं. स्क्रीन उघडेना म्हणून लोक तीच कळ पुन्हां पुन्हां दाबूं लागले. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, समोरचें पान गेलें तरी पहिली पृच्छा बहुधा यंत्रांत चालूच असते. दुसऱ्यांदां दाबल्यानें पहिली मरत नाहीं, तिला एक जावळी बहीण होते. त्या गर्दींत तांतडीच्या विभागांत मूत्रपिंडाच्या विकाराचे एक वृद्ध गृहस्थ आणलेले होते. त्यांच्या रक्तांतील पोटॅशियमचा आंकडा प्रयोगशाळेनें कोठारांत भरला होता, पण डॉक्टरांस तो दिसेना. आठ मिनिटें वाट पाहून त्या तरुण डॉक्टरीण बाईंनीं शेवटीं फोन केला आणि आंकडा तळहातावर लिहून घेतला. तो फार वाढलेला होता. उपचार वेळेवर झाले, गृहस्थ पुढें घरीं गेले. परंतु प्रयोगशाळेचा फोन त्या वेळीं दुसऱ्या कोणी अडवून ठेविला असता तर, हा विचार आमच्या मनांतून कांहीं गेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सभा भरली. प्रोग्राम पुरविणाऱ्यांचा मनुष्य म्हणाला, मर्यादा हजार करूं. आम्हीं सांगितलें, चाळीस करा. सभेंतील मंडळींस आधीं वाटलें कीं, आमच्या तोंडून एक शून्य राहून गेलें. वैद्यकीय अधीक्षक मोठे सज्जन आणि वयानें आम्हांहून पुष्कळ वडील; ते शांतपणें म्हणाले, “म्हणजे साडेचारशें माणसांना तुम्ही बाहेर उभें करणार?”

आम्हीं म्हटलें, “डॉक्टरसाहेब, तीं आजही उभींच आहेत. फक्त बाहेर नाहींत, स्वयंपाकघरांत चुलीभोंवतीं उभीं आहेत. आचाऱ्याला हात हालवायला जागा नाहीं.”

ते हंसले, आणि पंधरा दिवस करून पाहावयास परवानगी मिळाली. पुढें दारवान बसविला; आंत चाळीस जागा. मुभा ६४ वरून १६ मेगाबाइटवर आणली. आणखी एक खोड सांपडली : कांहीं स्क्रीन असे होते कीं, त्यांवर व्यवहार उघडून माणूस चहास निघून जाई आणि इकडे त्याची जागा व त्याचीं कुलुपें तशींच अडून राहत. जेवण नाहीं, उठणेंही नाहीं, हात पानावर. पोस्टग्रेसनें २०१६ सालच्या ९.६ या आवृत्तींत अशांस ठराविक वेळानें उठविण्याची सोय केली आहे; ती आम्हीं लागू केली. पुढील एक तारखेस प्रयोगशाळेचा स्क्रीन सेकंदाच्या आंत उघडत होता. अधीक्षकांनीं पंधरा दिवसांचा विषय पुन्हां काढला नाहीं.

मात्र पंगतीच्या दाखल्यांत एक गोष्ट झांकली जाते. पंगतींत सर्वांस जेवावयास साधारण सारखाच वेळ लागतो. पृच्छांचें तसें नाहीं. प्रयोगशाळेची पृच्छा सेकंदाच्या शंभराव्या भागांत उठते, विमाखात्याच्या एका अहवालास अकरा मिनिटें लागत. असे चाळीस अहवाल आंत बसले तर बाहेर पोटॅशियमचा आंकडा अकरा मिनिटें ताटकळेल. म्हणजे आधींपेक्षां वाईट. म्हणून दारवानापाशीं दोन रांगा करणें भाग पडलें : अडतीस जागा रोग्यांशीं प्रत्यक्ष संबंध असलेल्या लहान पृच्छांसाठीं, आणि दोन जागा मोठ्या अहवालांसाठीं. एका वेळीं दोनच. तिसऱ्यानें बसून राहावें.

या ‘दोनच’ची किंमत कोणी दिली, तें सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. विमाखात्यांत एक वयस्क बाई काम करतात. खात्यांत सहा जणी, आणि महिनाअखेरीस प्रत्येकीचे पांच-सहा अहवाल. व्यवस्था चालू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यांत त्या आमच्या टेबलापाशीं आल्या. आवाज चढविला नाहीं. म्हणाल्या, “पूर्वीं सगळेच रखडत होते, आतां आम्हीच रखडतों. रोग्यांचें आधीं व्हायला पाहिजे, यांत माझें दुमत नाहीं. पण आम्हांला मागें बसवलंत, हें आम्हांला कोणी सांगितलंसुद्धां नाहीं. यंत्र मंद झालंय असंच आम्ही महिनाभर समजत होतों. सहाला सुटायचं तें साडेआठ होतात. घरीं सासूबाईंना रात्रीचं औषध द्यायचं असतं, तें शेजारच्या वहिनी देतात.”

सभेंत त्यांच्या खात्याचे मुख्य हजर होते, त्यांनीं संमतीही दिली होती. ती या सहा जणींपर्यंत पोहोंचलीच नव्हती. सामाईक वस्तूंची व्यवस्था लावतांना असें फार वेळां होतें. घरांत देखील पाण्याच्या वेळा पुरुषमंडळी ठरवितात आणि त्या पाळावयाच्या असतात त्या बायकांस नळ बंद झाल्यावर कळतात.

त्यांच्यासमोर बसून आम्हीं तो अकरा मिनिटांचा अहवाल उघडून पाहिला. त्यांत प्रत्येक बिलाच्या तारखेवरून आधीं महिना काढावयाचा आणि मग तो महिना हवा तो आहे का पाहावयाचें, अशी रचना होती. तारखांची सूची केलेली होती. परंतु प्रश्न महिन्याचा असल्यामुळें तिचा उपयोग होत नव्हता, आणि यंत्र सात-आठ वर्षांचीं सर्व बिलें एकेक करून चाळीत होतें. ‘महिना मार्च आहे का’ असें न विचारतां ‘एक मार्चपासून एक एप्रिलच्या आधींपर्यंतचीं’ असें विचारलें, कीं सूचीवरून नेमकीं तेवढींच बिलें हातीं येतात. येवढ्या बदलानें अकरा मिनिटांचीं वीस सेकंदें झालीं. बाई स्क्रीनकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हें इतकीं वर्षें कोणी कां पाहिलं नाहीं?” या प्रश्नास उत्तर होतें, पण तें देण्यासारखें नव्हतें. संख्या वाढवितां येते तोंवर पृच्छा कोणी उघडून पाहत नाहीं. मर्यादा आली म्हणजे प्रथम कोण किती जागा अडवितो हें दिसूं लागतें. हा तिचा दुसरा गुण. आणि आमच्या मतें पहिल्याहून मोठा.

त्यांचे आणखी चार अहवाल पहांटे तीनला आपोआप चालतील असे लावून दिले. सकाळीं ते तयार असतात. दोन अहवाल मात्र असे निघाले कीं, त्यांस त्याच दिवशींचे आंकडे लागतात आणि रचना कितीही सुधारली तरी ते पांच मिनिटांखालीं येत नाहींत. त्यांस वाट पाहणें चुकत नाहीं. त्या महिन्यापासून आम्हीं एक यादी छापून हिशेब खात्याच्या बाहेरील फलकावर लावली आहे : कोणता अहवाल कोणत्या रांगेंत, एका वेळीं किती, आणि साधारण वाट किती. अशी यादी लावण्यास एकदोन वरिष्ठांचा विरोध होता. त्यांचें म्हणणें, लोक भांडतील. लोक भांडलेच. औषधभांडारवाल्यांनीं आपला एक अहवाल चुकीच्या रांगेंत घातला आहे असें दाखवून दिलें, आणि तें खरें होतें.

भांडणाचें दुसरें कारण अद्याप मिटलेलें नाहीं. संचालकांस दररोज सकाळीं नऊला एक गोषवारा लागतो; काल किती रोगी आले, किती खाटा भरल्या, जमा किती. तो चाळीस सेकंदांचा आहे, म्हणजे न्यायानें दुसऱ्या रांगेंतला. तो पहिल्या रांगेंत ठेविला आहे, आणि तसा लेखी हुकूम आहे. यादींत आम्हीं तो जसा आहे तसा छापला. अडतीस जागांपैकीं एक चाळीस सेकंद गुंतली म्हणून कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, हें गणितानें दाखवितां येतें. पण एकाच्या पाठोपाठ आणखी तीन विभागप्रमुखांनीं तसेच हुकूम मागितले आहेत, आणि चौघांसही नऊच वाजतां गोषवारा हवा. आम्हीं लेखी कळविलें कीं, हे चारही गोषवारे पहांटेच्या फेरींत तयार करून ठेवितां येतील, आंकडे कालचेच असल्यामुळें त्यांत तिळमात्र फरक पडणार नाहीं. उत्तर यावयाचें आहे.

दरम्यान नवें यंत्र मंजूर झालें आहे, बत्तीस कोअरचें. तें येणार म्हणतांच प्रोग्राम पुरविणाऱ्यांचा मनुष्य पुन्हां आला आणि म्हणाला, आतां मर्यादा काढून टाकावयास हरकत नाहीं. विमाखात्याच्या बाईंनाही ही बातमी लागली होती. गेल्या महिन्याच्या अखेरीस जिन्यांत भेटल्या तेव्हां त्यांनीं येवढेंच विचारलें कीं, नव्या यंत्रावर अहवालांच्या जागा दोनच राहणार कीं वाढणार? आम्हीं चार लिहून दिल्या आहेत, आणि मसुदा मंजुरीस जाण्याआधीं त्यांच्या टेबलावर ठेवूं, असें सांगितलें आहे.